हैदरचं पाणी तोडण्याचा प्लॅन

१२ मे
शपथ! हैदरच्या खरबुजांचा घसा कोरडा पाडल्याशिवाय दाढी करणार नाही. काल त्याच्या पुतणीच्या लग्नात, पुलावाच्या थाळीवर, अख्ख्या गल्लीसमोर म्हणाला, सत्तार-अका, तुमची गेल्या सालची खरबुजं आमच्या हिने काकड्या समजून लोणच्यात घातली. माझे व्याहीसुद्धा हसले. बांधाला बांध लागलेला शेजारी, म्हणून पुलाव संपवूनच उठलो.

१६ मे
कालव्याचं पाणी वाटणारा मिराब इनोयत याने चहाखान्यात यंदाचे हिस्से वाचले. मी: शून्य पूर्णांक, हजारातले तीनशे पंचाहत्तर. हैदर: शून्य पूर्णांक, शंभरातले चोवीस. मान ताठ झाली. तरी घरी नीट तपासणार. गणितात माझा पाया पक्का. पाचवीत दोनदा बसलोय.

१७ मे, जेवणानंतर
३७५/१०००. पाचाने भाग, ७५/२००. पुन्हा पाच, १५/४०. पुन्हा, ३/८. कुठे तीनशे पंचाहत्तर आणि कुठे तीन!
हैदर: २४/१००. चाराने भाग, ६/२५. बस्स, तिथेच थांबलं.
म्हणजे मला सव्वाशेने छाटलं आणि त्याला नुसतं चाराने! मला तीन, त्याला सहा. इनोयतची बहीण हैदरच्या घरात दिलीय, ते उगाच नाही. बायको सबोहत म्हणाली, अहो, खालचे आकडेही बघा. बघितले. आठापेक्षा पंचवीसच जास्त. खाली-वर दोन्हीकडून लुटलंय.

२० मे
प्लॅन फायनल. गोड बोलून हिस्से बदलून घ्यायचे. हैदर म्हणतो, तुम्ही वडीलधारे, तुमच्या तोंडचा घोट कसा काढू? नाटकी मेला! वर एक मेंढा दिला, तेव्हा कुठे वाकला.

२३ मे
म्हाताऱ्यांसमोर अदलाबदल. इनोयत पुन्हा पुन्हा म्हणे, अका, दुवा झाली की मागे फिरता येत नाही हं. मी म्हटलं, कटवाल्या, हात पसर. सगळ्यांनी हात पसरून तोंडावरून फिरवले. आमीन. हैदरच्या डोळ्यांत पाणी. पश्चात्ताप! घरी येऊन दाढी केली.

९ जून
पाणी निम्म्या शेतातच संपतं. उंदरांनी पाट पोखरला असणार. उंदीरही हैदरच्या बाजूचे.

२ जुलै
सबोहतने दोन नान आणले. एकाचे हाताने आठ तुकडे करून तीन माझ्यापुढे ठेवले. दुसऱ्याचे पंचवीस, त्यातले सहा. म्हणाली, आता कुठल्याने पोट भरतंय ते सांगा.
आधी तीनवाले खाल्ले. सहा तुकडे म्हणजे चिमण्यांचा चुरा होता.

३ जुलै
इनोयतकडे गेलो. म्हणाला, दुवा झालीय अका. पुढच्या वर्षी बघू. वेल पिवळे पडलेत. रडू आलं, पण रागाने.

१४ ऑगस्ट
माझ्या शेतात तोडायला काही नाही, हैदरला एकट्याला आवरत नाही. म्हणून बाजारात त्याच्या गाडीवर बसलो. गिऱ्हाईक विचारी, बाबा, गोड आहे का? म्हणावं लागलं, साखर. निघताना एक लहानसं उचललं, तर हैदर म्हणाला, अका, लाजू नका, मोठं घ्या. तुमच्याच पाण्याचं आहे.