डाव्या चाकाची चेपलेली नळी

मी, सदानंद रघुनाथ कर्णिक, वय छप्पन्न, शाळेत संस्कृतचा शिक्षक व एका साप्ताहिकाचा ठाण्याचा वार्ताहर, राहणार नौपाडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. संताप मोजण्याचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते.

१. नौपाड्याची दोन खोल्यांची जागा व पोस्टातील शिल्लक माझी एकुलती कन्या वासंती हिला.

२. माझी १९५४ सालची मॉरिस मोटारही वासंतीलाच. याचे कारण लिहिणे भाग आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुढच्या डाव्या चाकाच्या ड्रमखाली ओल दिसली. तिथे ओल म्हणजे आत ब्रेकचा सिलिंडर गळतो, हे अनुमान करायला शास्त्री लागत नाही. माझे पुतणे चि. महिपत म्हणाले, "काका, तुम्ही पूजेचं बघा, गाडीचं मी बघतो." त्यांनी बघितले. सिलिंडर उघडून नवे रबर घालण्याऐवजी त्या चाकाकडे जाणारी ब्रेक ऑइलची नळीच हातोडीने चेपून टाकली. गळती थांबली. दसऱ्याला लिंबे चारही चाकांखाली ठेवली. ब्रेक तीनच चाकांना होते.

पूजा झाल्यावर वासंती आत्याला सोने द्यायला डोंबिवलीस निघाली. शीळफाट्याच्या उतारावर ब्रेक दाबताच मोटार उजवीकडे ओढली गेली, समोरून ट्रक. पोरीने स्टिअरिंग पिळून गाडी बांधावर घातली, म्हणून नुसता हात मोडला. यावर महिपत दिवाळीभर नात्यात सांगत फिरले, "ताईला चालवताच येत नाही, दुसरं काय!" आणि नातेवाईक चकल्या खात माना डोलवीत राहिले.

मी व माझे गॅरेजवाले मित्र रुडॉल्फ परेरा यांनी ड्रम उघडला. नळी पाहून ते म्हणाले, "मास्तर, हे आपोआप नाय झालेलं. कोणीतरी ठोकलंय."

३. माझी सर्व हत्यारे रुडॉल्फ यांना. येत्या रविवारी आम्ही दोघे काम करणारच आहोत. मी मध्येच गेलो तर त्यांनी एकट्याने करावे. नळी नवी. सिलिंडरला आतून खड्डे असल्यास घासत बसू नये, नवाच घालावा. रबरे पेट्रोलने धुऊ नयेत, फुगतात. तेल प्यालेले ब्रेकचे लायनर बदलावेत व चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढावी. मग मोटार वासंतीने चालवावी. शेजारी बसायला ज्या नातेवाइकास भीती वाटेल, त्याने डोंबिवलीपर्यंत चालत जावे.

४. चि. महिपत यांस काहीही नाही. पूजेची पळीसुद्धा नाही. हे रागाच्या भरात लिहिलेले नाही. रागाच्या भरात लिहिलेले फाडून टाकले.

५. ज्यास मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील सांगतात. तेव्हा आमच्या घराण्यात साक्षीस निर्विवाद पात्र असा एकच इसम उरतो. कलम दोन वासंतीसमोर मोठ्याने वाचावे व खरे असल्यास सही करावी, असे मी त्यास सांगितले.

"आणि नाही केली तर, काका?"

"साक्षीदार दुसरा मिळेल रे. हा मजकूर मात्र साप्ताहिकात येईल."

स्थळ : नौपाडा, ठाणे
दिनांक : ५ नोव्हेंबर १९८६

सदानंद रघुनाथ कर्णिक (सही)

साक्षीदार :
१. शीला गुप्ते, शेजारी (सही)
२. महिपत यशवंत कर्णिक (सही)
कलम दोन वाचले. नळी मीच चेपली. ताईला गाडी चालवता येते.