भरतंय आणि जातंय

४ ऑगस्ट, सोमवार
ही आज आपल्या ताईकडे गेली. दारात चपला घालताना म्हणाली की मशीन सुरू झालं की कळवा, तोवर माझ्या मनगटांना सुट्टी. म्हणजे जीव इथेच आहे. मशीन जूनपासून बाथरूमबाहेर उभं आहे, वर माझी वर्तमानपत्रं असतात. सांडपाण्याचा एवढासा पाइप, त्याला प्लंबर कशाला? शनिवारी उरकतो.

९ ऑगस्ट, शनिवार
उरकलं! पाणी उताराकडे धावतं, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून पाइप थेट जमिनीतल्या जाळीत, पार खोल घातला आणि भोवती टेप गुंडाळून हवाबंद केला. निचरा असा झकास, की धुणं सुरू व्हायच्या आतच पाणी बाहेर.

१० ऑगस्ट, सकाळी
पाणी भरतंय आणि जातंय. ड्रम ढिम्म. गच्चीवरची टाकी रिकामी. खालचे काका साबण लावलेल्या अंगाने वर आले. विचारत होते, पोहण्याचा तलाव काढताय का? मी म्हटलं, टेस्टिंग. ते म्हणाले, आधी माझं डोकं धुऊन द्या, मग करा.

दुपारी हिला फोन. निचरा फर्स्ट क्लास, फक्त भरायचं राहिलंय असं सांगितलं. ही नुसतं हं म्हणाली. मागे ताई हसत होत्या. हिला भरून आलं असणार.

१३ ऑगस्ट
दोष प्रेशरचा. नळाकडचा पाइप नवा आणला. तेच. एक बारीकसा दोष टेपचा असू शकतो, म्हणून आणखी तीन वेढे दिले.
ऑफिसचे शर्ट संपले. हातानेच धुतले. कॉलर निघत नाही. पिळताना मनगटात कळ आली. ही रोज दोघांचं कसं…
उद्या बघू.

१७ ऑगस्ट
पुढच्या रविवारी येते म्हणाली! मी म्हणालोच होतो. केर काढला. मशीनवरची वर्तमानपत्रं पलंगाखाली सरकवली.

२४ ऑगस्ट, रविवार
ही आली. मशीन लावून दाखवलं. भरलं, गेलं. मी प्रेशरचं समजावत होतो, तोवर ही खाली बसली, टेप नखाने सोडवला आणि सांडपाण्याचा पाइप उचलून वर, नळाच्या उंचीला बांधला. म्हणाली, अहो, तोंड खाली ठेवलं की भरता भरताच सगळं ओढून नेतं. ताईकडचं मीच जोडलंय.

ड्रम फिरला. मी टाळ्या वाजवल्या.

मग हिने कपाटातले आपले सगळे कपडे काढले. स्वेटरसुद्धा. ऑगस्टात स्वेटर कशाला, मी विचारलं. म्हणाली, थंडी येईलच की. तिकडे शाळेच्या ऑफिसात नोकरी लागलीय म्हणे. फोनवर दोनदा सांगितलं होतं म्हणाली. मी तेव्हा बहुतेक प्रेशरबद्दल बोलत होतो.

संध्याकाळी पंख्याखाली सुकलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. मी दोन टोकं, हिने दोन. जवळ आलो की टोकं माझ्या हातून घ्यायची आणि पुन्हा मागे जायची. बॅग जड होती. टॅक्सीपर्यंत मीच नेली. जेवत जा वेळेवर, म्हणाली.

मशीन उत्तम चाललंय. आवाजही नाही. आत्ता माझे दोन शर्ट लावून पाहिले. एवढेसे कपडे ड्रममध्ये एका बाजूला गोळा होतात, आणि ते थांबून राहतं.