निळी रिबन

प्रिय ठमाबाई,

मधे एकच दार असताना आई पत्र लिहिते म्हणून हसशील. हसलीस तर बरंच. चार दिवस झाले, तुझ्या खोलीतून पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. दाराशी ठेवलेला चहा निवतो, मी तो उचलते, नवा ठेवते. तुझे बाबा तासन्‌तास पेपरचं एकच पान धरून बसतात. सकाळी म्हणाले, तू बोल, ती तुझं ऐकते. मी म्हटलं, तेच तर.

तुझ्या वॉर्डातली मोठी नर्स काल येऊन गेली. बस म्हटलं तरी बसली नाही. दारातच उभ्या-उभ्या तिनं सांगितलं, की तुझ्या हातून एका आजोबांचा डोस दहापट लिहिला गेला होता, पण इंजेक्शन भरतानाच तिच्या लक्षात आलं, आणि ते आजोबा काल स्वतःच्या पायांनी घरी गेले. म्हणाली, काकू, मॅडमची सलग तिसरी ड्यूटी होती ती. कुणी रजेवर गेलं की यांचं आपलं ‘मी आहे ना’. आम्ही त्यांचं नावच ठेवलंय, मी-आहे-ना मॅडम. हे सांगताना हसली आणि मग पदराला डोळे पुसत जिना उतरून गेली.

मला मात्र तुझी दुसरीतली एक सकाळ आठवत राहिली. आमच्या कॉन्व्हेंटात वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या मुलीच्या फ्रॉकला मदर स्वतः निळी रिबन टाचायच्या. मला तीन मिळाल्या. अजून कपाटात आहेत, रंग उडालाय. तुझ्या शाळेत तसलं काही नव्हतं, तर मीच घरी रिबन कापायची आणि निकालाच्या दिवशी तुला लावायची. त्या सकाळी तुझं अंग तव्यासारखं तापलं होतं. तू म्हणालीस, आई, आज पाय चालत नाहीत गं. मी तुला औषध पाजलं, वेण्या घातल्या आणि म्हटलं, चारच दिवस राहिलेत, रिबन जाईल. तू गेलीस. दुपारी बाकावर डोकं टेकून झोपलीस म्हणून बाईंनी फोन करून विचारलं, मुलीला बरं नाही का? मी म्हटलं, छे, काल जरा उशिरा झोपली, एवढंच. तुझ्या सात रिबनी झाल्या. किती जणांना दाखवल्या असतील मी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या महिन्यात तुझ्या मोठ्या डॉक्टरांचा मला फोन आला होता. तुला बोलले नाही. ती झोपते का, जेवते का, विचारत होते. महिनाभर रजेवर पाठवावं म्हणतो, पण ती दमल्याचं काही कबूलच करत नाही, म्हणाले. तेव्हा तू ताटावर बसल्या-बसल्या पेंगत होतीस. न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस, ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आणि मी म्हटलं, छे, एकदम ठणठणीत आहे. बाईंना दिलं होतं तेच उत्तर. परवा त्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. रजा आजही मिळेल म्हणाले, पण अर्ज तिच्याच सहीचा हवा. त्यांनी नर्सबरोबर पाठवलेला कागद या पत्रासोबत दाराखालून सरकवते आहे. सही कर असंही म्हणवत नाही. माझं ऐकूनच तू इथवर आलीस. माझ्या हातात आता एवढंच उरलंय, की उद्या सकाळी सहाला, रोजच्यासारखं ड्यूटीला उठवायला, मी तुझं दार वाजवणार नाही.

दाराच्या अलीकडे बसलेली, तुझीच
आई