मुद्देमालासह

बाबा, तुमचा फोटो मागितला आहे. घरात हार घालून लावलेला नव्हे, तो दुसरा, पेपरात छापून आलेला. नागपुरात माझा एक मित्र बिअरचं हॉटेल काढतो आहे. बिअर तिथेच तयार करायची आणि तिथेच लोकांना द्यायची. त्यातली एक माझी असणार आहे, मोहफुलं घालून केलेली. ती जिथे मिळेल त्या काउंटरच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, त्याला तुम्ही हवे आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्याहून मोठी आहे, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणी कुठे मानानं बोलावल्याचं मला आठवत नाही. बोलावलं तर हे असं. काय उत्तर द्यावं ते तुम्हालाच विचारावं म्हणून लिहायला बसले.

आधी बिअर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी शिकून भट्टी लावायला लागली. आंबवलेला सडवा तोच, फक्त मोहाऐवजी जवाचा. जवाला मोड आणायचे, सुकवायचे, भरडून कोमट पाण्यात ठेवायचे, ते पाणी उकळून त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची आणि गार झालं की यीस्ट. पुढे चुलीवर चढवणं नाही, नळी नाही, धार नाही. दूध डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी करता करता मला हा नाद लागला. एका सहकाऱ्याच्या घरी बादलीवरचं झाकण उघडलं आणि तुमच्या सडव्याचा वास आला. मी वाकून पुन्हा वास घेतला. आता माझ्या स्वयंपाकघरात पाण्याचे दोन मोठे जार कायम बुडबुडत असतात. रविवारी चार माणसं येतात, घोट घेऊन डोळे मिटतात आणि संत्र्याच्या सालीचा वास आला, ओल्या गवताचा वास आला असं म्हणतात. तुमची पिऊन लोक नालीत पडायचे. माझी पिऊन ते ओला-उबर बोलावतात आणि जाताना बाटली कुठे मिळेल विचारतात. दुसरा नाद कॅमेऱ्याचा. हा मित्रही मला फोटो काढणाऱ्यांच्या घोळक्यातच भेटला. पण त्या नादाचं मूळही तुमच्यापाशीच जातं, ते पुढे सांगते.

मी लहान आहे. हिंगणीच्या पुढे, जंगल लागायच्या आधी जो नाला आहे, तिथे मी तुमची भाकर घेऊन येते आहे. उन्हाळा आहे, नाल्यात पाणी घोट्याएवढं. तुम्ही करंजीखाली बसून मातीच्या रांजणाला कान लावला आहे. मला बोटानं गप्प राहायला सांगता. मग माझं डोकं धरून माझाही कान तिथे लावता, आणि आत तेलात काही तळत असावं तसा बारीक आवाज. मी हात घालून बोट चाटते, गोड लागतं, आणि तुमची चापट इतक्या जोरात बसते की भाकरीचं फडकं हातातून पडतं. त्या दिवशी तुम्ही मला पुन्हा इकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलंत आणि संध्याकाळी घरी येताना मूठभर भाजलेली मोहफुलं आणलीत. स्वतः तुम्ही कधी थेंब घेतला नाही. गावातली पिणारी माणसं यावरून तुमची थट्टा करायची, हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणून. आपला जिल्हा दारूबंदीचा. पिणाऱ्यानं एक तर जिल्ह्याची हद्द ओलांडून जावं किंवा तुमच्याकडे यावं. आपलं चांगलं चालायचं, हे मी नाकारत नाही.

शेजारचे काका मात्र तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून यायचे नाहीत. दोस्त होते ते तुमचे. पहिल्या धारेची जमली की नाही ते सांगायला तुम्हाला कुणीतरी चाखणारा लागायचा आणि तुम्ही तर पीत नव्हता. म्हणून पहिला पेला त्यांचा. काका पेला उन्हात धरायचे, एक घोट घ्यायचे, जीभ टाळूला लावून टक् करायचे आणि मान हलवायचे. आज आम्ही रविवारी नेमकं हेच करतो आणि त्याला टेस्टिंग म्हणतो. काकांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट गरोदर बाईसारखं दिसायला लागलं, तरी पहिला पेला चुकला नाही. ते गेले तेव्हा तुम्ही खांदा दिलात, अंघोळ करून अंगणात बसलात, आणि मायनं आतून एवढंच म्हटलं की आता तरी पुरे करा. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. “मी नसती देली तं त्यानं दुसऱ्याची पेली असती.” मला तेव्हा ते पटलं होतं. मला तुमचं सगळंच पटायचं.

काकूंना पटलं नाही. काकांचं तेरावं आटोपल्यावर त्या गावातल्या बायांना घेऊन थेट पोलिसांकडे गेल्या आणि त्यांना नाल्यापर्यंत वाट दाखवत स्वतः पुढे चालल्या. सडवा सांडून दिला, रांजण फोडले, आणि तुम्हाला सामानासकट गावातल्या शाळेसमोरच्या पटांगणात आणून फोटो काढला. हे फोटो सगळे सारखेच असतात. मागे पोलीस ताठ उभे, पुढे आरोपी उकिडवा, मध्ये डबे. दुसऱ्या दिवशी सेलूच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, मी पेपर उघडला तर तुम्ही. तीन निळ्या कॅन, एक पिपा आणि मायच्या लग्नातला जर्मनचा गंज, ते मोठं पातेलं. खाली लिहिलं होतं, मुद्देमालासह आरोपी. मला मुद्देमाल शब्द माहीत नव्हता म्हणून मी बाईंना अर्थ विचारला. बाईंनी पेपर माझ्या हातून घेऊन घडी घातली आणि घरी जाऊन विचार म्हणाल्या. वर्गात माझं हसं झालं. मी घरी काही विचारलं नाही.

जामिनावर सुटून आल्यावर तुम्ही पुन्हा नाल्याकडे गेला नाहीत. रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जाऊ लागलात, आणि दुसऱ्याच वैशाखात तिथेच ऊन लागून पडलात. माय कांद्याचा रस हातापायाला चोळत होती तेव्हा तुम्ही गेलेलेच होतात, हे आम्हाला उशिरा कळलं. तेराव्याला फोटो हवा, तर घरात तुमचा एकही नाही. माय सेलूला त्याच स्टुडिओवाल्याकडे गेली, कारण पेपरासाठी फोटो त्यानंच काढला होता. त्यानं पोलीस कापले, कॅन कापल्या, मागे निळा रंग दिला आणि तुम्हाला कोट-टाय चढवला. पण मान खाली होती ती खालीच राहिली. डोळे वर करता येत नाहीत वहिनी, म्हणाला. म्हणून आमच्या भिंतीवर तुम्ही कोट घालून स्वतःच्या पोटाकडे बघता. येणारे-जाणारे म्हणतात, देवमाणूस दिसतो. मी पहिल्या पगारातून जुना कॅमेरा घेतला तो याच रागानं. त्या दिवसापासून म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढत सुटले आहे, आणि प्रत्येकाला आधी एकच सांगते, माझ्याकडे बघा.

पुढे त्या स्टुडिओवाल्यानं दुकान बंद करताना तुमची निगेटिव्ह मला देऊन टाकली. ती मी स्कॅन करून काळी-पांढरी केली. आणि बाबा, राग येऊ देऊ नका, फोटो फार चांगला आहे. दुपारचं ऊन बाजूनं येतं आहे, पोलिसांच्या बुटांची रांग मागे, आणि पुढे तुमचे दोन हात गुडघ्यांवरून लोंबताहेत, बोटांवर राख. मित्रानं माझ्या लॅपटॉपवर तो पाहिला आणि खुर्चीतून उठलाच. असा फोटो पैसे टाकून मिळत नाही, म्हणाला. बाप जंगलात गाळायचा, मुलगी शहरात बिअर करते, याहून चांगली गोष्ट कोणत्या हॉटेलाला आहे? मी त्याला काकांचं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, काकांचं वय विचारलं त्यानं. मग म्हणाला की लोक पिणारच आहेत, निदान चांगलं तरी पितील. मी मान हलवली. मला ते पटलं.

मायला विचारायला गावी गेले. ती आता थकली आहे, ऐकू कमी येतं, पण मी जोरात सांगितलं तेव्हा तिला सगळं कळलं. मी दारू करते हेही त्याच दिवशी कळलं. मला वाटलं चिडेल. ती गहू निवडत होती, निवडतच राहिली.

“लाव ना,” ती म्हणाली. “तुह्या बाबाचा लावतं, तं बाजूच्या भाऊजीचाबी लाव. एकानं गाळली, एकानं पेली, दोघंबी गेले. एकट्याचाच काऊन?”

म्हणून मी काकूंकडे गेले. जुनी जखम उकरून तिच्यावर मीठ कशाला चोळावं, असं दाराशी पोचेपर्यंत मनात येत होतं. काकूंनी मला चहा दिला. त्या आमच्याशी कधी भांडल्या नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मायजवळ बसायला पहिल्या त्याच आल्या होत्या. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी पेटीतून काकांचा फोटो काढला. लग्नातला आहे, बाशिंग बांधलेलं, काका खदाखदा हसताहेत, डोळे सरळ कॅमेऱ्यात. मी हात पुढे केला. त्यांनी फोटो दिला नाही, पदरानं पुसत राहिल्या.

“हा नाई पेत, बाई,” काकू म्हणाल्या. “हा लग्नातला हाय. ज्यानं पेली, त्याचा फोटो काढाले कोनी आलं नाई.” मग थांबून म्हणाल्या, “तू जे करून राह्यली, त्यानं मरते का कोनी?”

मी म्हटलं, काकू, ती हलकी असते, पाच-सहा टक्के.

“मले टक्के नाई समजत. मरते का नाई तेवढं सांग.”

मी नाही म्हणाले. लॅबमध्ये काम करणारी बाई मी, आकडा पाहिल्याशिवाय दुधावर सही करत नाही, आणि तिथे चहाचा कप खाली ठेवायच्या आत नाही म्हणून मोकळी झाले. काकूंनी बरं म्हटलं आणि फोटो पेटीत ठेवला. निघताना मी त्यांचा एक फोटो काढू का विचारलं तर तोंडावर पदर घेतला. मला फार लाज वाटली, बाबा. तुमची नाही. तुमची लाज मला शाळेतच वाटून संपली. ही माझी होती, नवी कोरी, आणि ती घेऊन मी एसटीत बसले.

तुम्ही असता तर मला काय म्हणाला असतात याचा मी सारखा विचार करते आहे. भिंतीवर चढायला तयार झाला असतात की मला दुसरी चापट मारली असतीत? बिअर फार सुरेख उतरली आहे, मोहाचा वास शेवटी येतो, गिळल्यानंतर. काका असते तर त्यांनी टक् केलं असतं, असं मनात आलं, आणि मी हातातला ग्लास सिंकमध्ये ओतला. नंतर दुसरा भरून घेतला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं इथे लिहिते. सुरुवातीला म्हटलं की काय उत्तर द्यावं ते तुम्हाला विचारते आहे. ते खरं नाही. मायकडे जायच्या आदल्या दिवशीच मी तुमचा फोटो मित्राला पाठवून दिला होता, पोलिसांसकट, कॅनसकट, पूर्ण. भिंतीचं काम पुढच्या आठवड्यात आहे. तोवर एक फोन करून तो परत मागवता येईल. अजून तरी मी मागवलेला नाही.