रतिलालने केळी खाल्ली, त्याची हकिगत

पिंप्राळा, जळगाव
रविवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या रतिलालचा वाकून नमस्कार. (वाकलं की धाप लागते, म्हणून हल्ली कागदावरच वाकतो.) तुझे गुडघे, नानांची साखर आणि दारची म्हैस हे तिघंही ठीक असतील अशी आशा आहे. तू फोनवर ‘कसा शे रे भाऊ?’ विचारतेस (शिंदखेड्याला नांदून तुझी बोली पार बदलली) आणि मी ‘बरा शे’ म्हणून मोकळा होतो. कारण फोनच्या वेळी कामिनी शेजारीच बसलेली असते. खरं काय ते तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. ललित म्हणतो, बाबा, आता पत्र कोण लिहितं? त्याला म्हटलं, ज्याची बायको शेजारी बसते तो लिहितो.

तर डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. आधी वजनकाट्यावर उभं करतात. आपल्या बागेत व्यापारी घडाचं वजन करताना दांड्याचं वजन वजापं म्हणून कापायचा आणि आपण त्याच्याशी भांडायचो, आठवतं? आता मीच घड झालोय आणि सिस्टर माझ्या चपलांचंही वजापं काढत नाही. काटा पुढे गेला की विचारते, ‘आबा, पाणी किती पिलात?’ सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारते. मग हातात दोन जाड सुया घालतात आणि अंगातलं रक्त नळीतून फिरायला निघतं. ते परत येईपर्यंत मी छताकडे बघतो. (छताला एक ओल आहे. तिचा आकार मला कधी बैलासारखा दिसतो, कधी नानांसारखा. नानांना सांगू नकोस.) घरी आलो की उसाच्या चिपाडासारखा पडून राहतो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो, तोवर पुन्हा जायची वेळ होते. अशा जगण्याला आयुष्य म्हणायचं की नुसती ये-जा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पथ्याचं तर विचारू नकोस. भाजी उकळायची, ते पाणी फेकायचं आणि उरलेला चोथा खायचा. जळगावच्या उन्हात पाणी मोजून प्यायचं. जिभेवर बर्फाचा खडा ठेवून देवाचं नाव घ्यायचं. आणि केळी बंद! यावल तालुक्यातला माणूस, तीन पिढ्या केळीवर जगलेला, आणि डॉक्टर सांगतात की केळ्यातल्या पोटॅशियमनं तुमचं काळीज बंद पडेल. भेटायला येणारे मात्र न चुकता डझनभर केळी आणि शहाळी घेऊन येतात. (शहाळंही बंद.) माझ्या मरणाची एवढी तयारी मीसुद्धा केलेली नाही.

आता खरी हकिगत. मागच्या आठवड्यात बागेत कापणी होती. ललित नको म्हणत असताना मी हट्टानं गाडीत बसलो. बागेत गेलो, पानांची ती ओली सावली अंगावर आली आणि मला वाटलं, मी आजारीच नाही. मजूर घड उतरवत होते. एका झाडावर वरची फणी पिवळीधमक झालेली. मी ती हळूच तोडली आणि पंपाच्या खोलीमागे जाऊन बसलो. सत्तरीकडे झुकलेला मालक, स्वतःच्याच बागेत चोर! पहिलं केळं खाताना डोळ्यांत पाणी आलं. (तेवढं तरी पाणी अंगाबाहेर गेलं.) मग किती खाल्ली ते मोजलं नाही.

गाडीत बसेपर्यंत ठीक होतो. भालोद मागे पडलं आणि पाय शिशाचे झाले. बोलायला गेलो तर जीभ वळेना. ललितनं गाडी थेट दवाखान्यात आणली. तिथे छातीला वायरी, दंडात इंजेक्शन, पुन्हा मशीन. डॉक्टर मला नाही, ललितला रागावत होते. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. कामिनी आली, माझ्या पायाशी उभी राहिली. चादर सरळ केली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर शेजारची सारिका भेटायला आली. कामिनी मेडिकलमध्ये औषधं आणायला गेली होती. सारिका खुर्चीवर बसली आणि एकदम म्हणाली, ‘काका, रागावू नका, पण तुम्ही केळी खाल्ली आणि तिकडे काकू पाणी प्यायला आमच्याकडे येतात.’

मला कळेना. म्हटलं, आमच्या नळाला पाणी नाही का?

‘नळाला आहे हो. तुमच्यासमोर तांब्या उचलवत नाही त्यांना. तुम्ही आजारी पडल्यापासून असंच. परवा तर पाणी पिता पिता भिंतीला टेकल्या आणि तशाच झोपल्या. मी उठवलं नाही.’

कामिनी परत आली. मी म्हटलं, ‘इथंच पीत जा ना पाणी.’ ती गोळ्या डब्यात भरत म्हणाली, ‘तुमच्यासमोर माह्या घशाखाली उतरत नाही.’ आणि आत जाऊन भाजीचं पाणी ओतू लागली.

बाकी सर्व क्षेम. नानांना नमस्कार, भाची पुनमला आशीर्वाद. काळजी करू नकोस, करण्यासारखं असलं तरी.

तुझा,
रतिलाल

ता. क. – अक्का, एक काम कर. गुडघ्यांनी उठवत नाही असं सांगून कामिनीला आठ दिवस बोलावून घे. स्वतःच्या विसाव्यासाठी ती उंबरठा ओलांडणार नाही, दुसऱ्याच्या दुखण्यासाठी येईल. तिला काम सांगू नकोस. झोपू दे, आणि तांब्या भरून समोर ठेव. माझं ललित बघेल.

आणखी ता. क. – आठ दिवस जास्त होतात. चार पुरे.

शेवटचं – पत्र खाटेवर राहिलं आणि मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा कामिनी ते वाचत होती. मला वाटलं, आता तडकेल, ‘मी कुठ्ठी जायची नाही’ म्हणेल. त्यावर काय बोलायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण तिनं पत्राची घडी घातली, माळ्यावरची बॅग खाली काढली आणि विचारलं, ‘सुरतेकडची पॅसेंजर शिंदखेड्याले थांबते ना?’

थांबते, म्हटलं.