रबराखालची पट्टी

६ ऑक्टोबर

चि. छोटीस,

आशीर्वाद नेहमीचेच, मोजून-मापून नाहीत. इकडे सगळे बरे आहोत. ह्यांचा गुडघा बरा नाही, पण तो बरा होता कधी? लॉन्ड्रीत गर्दी आहे. मोठं मशीन मधूनच रुसतं, मग मी त्याला दोन थपडा देते आणि ते निमूट चालायला लागतं.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझे हात दिवसभर गाड्यांच्या रंगाने माखलेले, त्यामुळे तुझा फोन कायम स्पीकरवर. मी तुझी तब्येत विचारायची आणि उत्तर द्यायचं तुमच्या शेडमधल्या वेल्डरने! म्हणून म्हटलं, चार ओळी लिहाव्यात.

परवा तुझे यजमान, आपले जावईबापू, गाडी घेऊन आले, तू मागून स्कूटरवर आलीस, आणि गाडी दारात ठेवून चहाही न घेता दोघं स्कूटरवरून गेलात. "आठवडाभर चालवून बघा ताई, मग ठरवा. घरचाच मामला आहे," असं ते म्हणाले. गाडी देखणी आहे. तो राखी-निळा रंग बघून माझी लेक जागच्या जागी भाळली. नव्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची सकाळची पहिली पाळी, मधे सगळा हायवे. तिला गाडी हवीच आहे, आणि नवी घेण्याची आमची ऐपत नाही. ह्यांनी तर आरसेसुद्धा स्वतःच्या उंचीला लावून घेतलेत, चालवता येत नसताना.

जावईबापूंनी काही लपवलं नाही, हे मी मान्य करते. विमा कंपनीने ही गाडी निकालात काढली होती, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मागून ट्रकने ठोकली, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जायला लागला, म्हणून कंपनीने मालकाची भरपाई केली आणि गाडी लिलावात काढली. "मी घेतली, मागचा पत्रा बदलला, झालं. अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर पळतायत, ताई." पळतही असतील. पण माझ्या काउंटरवर डाग पडलेला कोट घेऊन येणारा प्रत्येक माणूस "काही नाही, नुसतं पाणी सांडलं" असंच म्हणतो. विचारायच्या आत जो सांगतो तो अर्धंच सांगतो, एवढं मी काउंटरवर शिकले आहे.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. गाडीत नव्या गालिच्याचा वास आहे. मागून ठोकलेल्या गाडीचा पुढच्या सीटखालचा गालिचा कशाला बदलला? काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वर्ष असतं. पुढच्या काचांवर एक आहे, मागच्या दारांच्या काचांवर त्याच्या आधीचं. फुटल्या म्हणून बदललेल्या काचा गाडीपेक्षा जुन्या कशा? हे म्हणतात, सेकंडहँड टाकल्या असतील. ह्यांच्याकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, फक्त चष्मा कुठे ठेवला याचं नाही.

आणि ते रबर. निघताना तू म्हणालीस, "ताई, मागच्या डाव्या दाराचं रबर सैल आहे, निघतं. बघून घे हं." तेवढ्यात जावईबापूंनी तुला अशी हाक मारली की मी दचकले. सैल होतं तर बसवून का नाही दिलंस? तुझ्या हातचं काम असं अर्धवट मी कधी पाहिलं नाही.

मी काही म्हणत नाहीये, नुसतं विचारतेय. जावईबापूंनी हे पत्र वाचलं तरी माझी हरकत नाही. त्यांना नमस्कार सांग.

तुझी ताई


११ ऑक्टोबर

छोटे,

हे पत्र लेकीच्या हाती पाठवते आहे. ती तुझ्याच हातात देईल. तेव्हा आज मी जपून लिहिणार नाही.

तुझं उत्तर आलं नाही. तेही एक उत्तरच झालं.

लॉन्ड्रीसमोरची फरशी धुतली होती. लेकीने तिच्यावरून गाडी सरळ काढली आणि पुढे कोरड्या रस्त्यावर नेली. चाकांचे ओले पट्टे उठले. मागची चाकं पुढच्या चाकांच्या पट्ट्यावरून जायला हवी होती. ती गेली शेजारून, आपली वेगळी वाट धरून. ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, "रस्ताच वाकडा आहे." मग मी ते रबर ओढलं. तू म्हणाली होतीस तसं ते सहज हातात आलं. खाली चौकटीवर बोटभर रुंद पांढरी पट्टी. राखी-निळ्या गाडीच्या पोटात पांढरा पत्रा!

मी गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात नेली, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. मेकॅनिकने ती वर उचलली, गालिचा सोलला, खाली हात फिरवला. मग म्हणाला, "बाई, ही एक गाडी नाही. पुढून एक आहे, मागून दुसरी. मधोमध वेल्डिंग मारलंय."

"चालेल का?" असं मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, पण तोंडातून तोच निघाला.

"चालतेय की. मुलीनेच चालवत आणली ना? पण हायवेला जोरात ठोकर बसली तर सांध्यावर उघडेल. मग आत कोण बसलंय ते बघायला लागेल."

आत कोण बसलंय! लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते लिहिते. जावईबापूंवर माझा फारसा राग नाही. परका माणूस, धंदा करतो, खोटं बोलतो, अशी माणसं मी रोज बघते. पण बाहेरून ती गाडी मी दहा वेळा निरखली. पांढरा पत्रा आणि निळा पत्रा कुठे भेटतात ते उन्हातसुद्धा दिसत नाही. इतका रंग कोण जुळवतं, छोटे? तुझ्याशिवाय कोणाला जमतं? तू माझ्या जुन्या शालीचा विटलेला काठ रंगवून दिला होतास, तो कुठला ते मला आजही सापडत नाही. या गाडीवर तुझा हात फिरलाय. सांध्यावरून फिरलाय. आणि त्यात कोण बसणार हे तुला ठाऊक होतं.

रबराखालची एक पट्टी चुकून राहिली म्हणून मला कळलं. राहिली नसती तर? एवढंच सांग. कुणासमोर नको, लेकीच्या कानात सांग. मग मी तुला पुन्हा कधी काही विचारणार नाही. बहुतेक कधी काही सांगणारही नाही.

ताई


१५ ऑक्टोबर

माझ्या छोटे,

लेक परत आली. म्हणाली, मावशीने तिथेच उभ्याउभ्या पत्र वाचलं आणि रंग विरघळवायच्या थिनरच्या डब्यात बुडवलं. काका पलीकडून हाका मारत होते. मावशी रडली नाही, चिडलीही नाही, एवढंच म्हणाली, "ताईला सांग, पट्टीची कड बघ."

मी गेले आणि बघितली. आधी मी फक्त पांढरा रंग पाहिला होता, कड पाहिलीच नव्हती. राहून गेलेली जागा अशी नसते. तिची कड फिसकटलेली असते, तिच्यावर रंगाचे थेंब असतात. ही कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे, वरून खालपर्यंत. टेप लावून रंगापासून वाचवलेली. सगळं झाकून झाल्यावर तू तेवढी जागा माझ्यासाठी उघडी ठेवलीस, वर रबर सैल बसवलंस आणि नवऱ्यासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत मला सांगितलंस, बघून घे. आणि मी काय केलं? तुझ्या कामात खोट काढली.

मला फार वाईट वाटतंय. तुझ्यावर संशय घेतला याचं वाटतंयच, त्याहून जास्त वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुला घरात तोंड उघडायची इतकी भीती वाटते, हे मला कधी कळलंच नाही. स्पीकरवर तू कायम हसत असायचीस. जगातल्या प्रत्येक कोटावर मी संशय घेतला आणि त्या हसण्यावर नाही घेतला.

परवा जावईबापू आले. किल्ली त्यांच्या अंगावर फेकायची, असं मी ठरवून ठेवलं होतं. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "काय ताई, पसंत ना?"

"आणि नाही घेतली तर?"

"तर काय! गिऱ्हाईक तयार आहे. नवराबायको आहेत, नुकतंच बाळ झालंय त्यांना. आजच घेऊन जातो, एकदा सगळी खोलून बघतो, रबरंबिबरं घट्ट बसवतो आणि देऊन टाकतो."

रबरंबिबरं! गाडी परत गेली तर त्याला ती पट्टी दिसणार, आणि टेपची कड कोणाची हे त्याला माझ्याआधी कळणार. त्यानंतर ती गाडी रंगून, झाकून त्या बाळाच्या दारात उभी राहणार.

मी म्हटलं, "घेतली."

लेकीसाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "मी बसने जाईन, आई. पहिली बस मिळते." ह्यांना मी सगळं सांगितलं. हे उठले, दुखऱ्या गुडघ्याने गाडीपाशी गेले आणि आरसे आत मिटून आले.

काल त्या मेकॅनिकने गाडी सांध्यावर कापली, माझ्यासमोर. आधी ती पट्टी मीच घासून काढली, उगाच कोणी बघायला नको. भंगारवाल्याने दोन फेऱ्यांत दोन तुकडे नेले. आता त्यात कोणी बसणार नाही. जावईबापू विचारतील तेव्हा गाडी लेकीबरोबर हॉस्पिटलला गेली आहे, असं सांगेन. खोटं बोलायला मलाही येतं. तक्रार करायची आहेच, पण मी एकटीने केली तर पहिलं बोट तुझ्या रंगाकडे जाईल. ती आपण दोघी मिळून करू, तू इथे आल्यावर.

लेक सांगत होती, शेडमध्ये आणखी एक अर्धी गाडी उभी आहे, लाल, आणि तिच्याजवळ दुसरी अर्धी. ती विकत घेणं मला शक्य नाही गं. आणि जी माणसं ती घेतील, त्यांना रबर ओढून बघायला कोणी सांगणार नाही. तो लाल रंग जुळवू नकोस. तोंडावर नाही म्हणता येत नसेल तर म्हणू नकोस, पण हात धू आणि निघ. लॉन्ड्रीवरची खोली मी रिकामी केली आहे. कपडे घेत बसू नकोस, माझ्याकडे न्यायला न आलेले पुष्कळ पडलेत. स्कूटर तिथेच राहू दे, तिच्या आवाजाने त्याला कळेल. हेही पत्र लेकच तुझ्या हातात देईल, वाचलंस की त्याच डब्यात बुडव.

बसने ये. स्टॉपवर मी आहे.

तुझी,
आजपासून रोज पहिल्या बसला येऊन उभी राहणारी
ताई