अर्धं बिस्कीट बशीत

२ ऑक्टोबर १९८६, सावली

माझ्या हातचं — भट्टी. विटा, चिखल, धानाचा कोंडा. तिचं दार डालड्याच्या डब्याचं, बिजागऱ्यांसकट. बिस्किटांचे साचे त्याच पत्र्याचे. कडा अशा घासल्यात की बोट फिरवून बघावं. पुस्तकांचं फडताळ, सागाचं, एकही खिळा नाही. भिंतीतला कोनाडा, चहाची बशी नेमकी बसेल एवढाच. आणि जोड्या! त्या तर कुणाच्या बापाला जमणार नाहीत.

जोडी म्हणजे एक रहस्यकथा आणि तिचं बिस्कीट. मारामारीची, रक्ताची पुस्तकं मी घरात आणत नाही. एखादा बंगला, आत सात-आठ माणसं, हार चोरीला गेलेला नाहीतर म्हातारीच्या दुधात काही घातलेलं, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा — अशी. पाऊस गेला, धान पिवळं पडायला लागलं की आमचा हंगाम सुरू. दुपारी भट्टी निवत असते, मी वाचतो, माझी बायको मीरा ऐकते. वाचणारा मी. ओळखणारी ती. चोर ओळखला की हातातलं बिस्कीट मोडून अर्धं बशीत ठेवायची. बोलायची नाही. पुस्तक संपलं की मग ते अर्धं खायची — माझ्याकडे बघत! इतक्या वर्षांत एकदाच चुकली. तेव्हाही म्हणाली, "लिवनाऱ्याचंच चुकलं जी."

गेल्या हंगामात बशी एकदाही भरली नाही. या हंगामात एकदा भरावी. एकदाच. बाकी काही मागत नाही.

५ ऑक्टोबर

नागपूरहून परतलो. मोठ्या डॉक्टरने तिला विचारलं, आज वार कोणता. सांगता आलं नाही. गाव कोणतं, ते सांगितलं. मग विचारलं, नवऱ्याचं नाव काय? पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्याकडे बघितलं. त्याने कागदावर लिहिलं — आठवत नाही.

मी म्हटलं, ते खोडा. हिने माझं नाव जन्मात घेतलेलं नाही. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी दार अडवलं, तर ही मागच्या दाराने आत आली! आमच्याकडे नाव न घेणं म्हणजे विसरणं नव्हे. खोडलं त्याने. पुढचं नाही खोडलं. मेंदू वाळत चाललाय, म्हणाला. वयाच्या आधीच. याला औषध नाही.

६ ऑक्टोबर

औषध नाही तर नाही. बाजारात शिंगाडे आले.

९ ऑक्टोबर

तळ्यावालं पुस्तक काढलं. मीरा पुस्तकांना छापील नावाने ओळखत नाही. तळ्यावालं, घड्याळवालं, तीन बहिणींचं — अशी तिची नावं. आता मलाही दुसरी सुचत नाहीत.

शिंगाड्याचं पीठ, तूप, गूळ, वर चारोळी. आच बघायला भट्टीत आधी रद्दीचा तुकडा टाकला. पिवळा झाला, काळा नाही. मग ताट आत. बाहेर आलं तेव्हा एकही चीर नव्हती. लिहून ठेवतो, कारण दुसरं कोण बघणार?

वाचलं. तिसऱ्या प्रकरणात ती म्हणाली, "हा माळी कोन हाये?" माळी पहिल्या पानापासून आहे. पुन्हा मागे गेलो, पुन्हा सांगितलं. मान हलवली तिने. बिस्कीट अख्खं खाल्लं. बशी रिकामी.

१४ ऑक्टोबर

दसरा गेला. दीक्षाभूमीला या वर्षी गेलो नाही. गर्दीत हात सुटला तर ती कुणाला काय सांगेल? घरीच वंदना घेतली. तिला सगळी पाठ. एक शब्द चुकली नाही. मीच मधे अडलो.

१८ ऑक्टोबर

चूक झाली माझ्याकडून — आणि काय झाली!

घड्याळवाल्या पुस्तकात शांतता फार. तिथे कुरकुरीत चालत नाही. तिथे तिखूर पाहिजे — जंगलातल्या कंदाचं पांढरं सत्त्व, तोंडात आवाज न करता विरतं. बुधरीबाई दरवर्षी आणून देते. यंदा तिचा पत्ता नाही. शेवटी शिंगाड्याचीच उरलेली दिली आणि वाचायला बसलो.

मीराने तुकडा तोंडात घातला आणि थांबली. म्हणाली, "हे तं तळ्यावाल्याचं हाये. इथी काऊन?"

पुस्तक हातातून पडलं. भट्टीमागे जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. धूर नव्हता, तरी डोळे पुसावे लागले.

१९ ऑक्टोबर

मुद्दाम चुकलो. तीन बहिणींच्या पुस्तकाला मोहफुलांचं बिस्कीट. काही बोलली नाही.

२० ऑक्टोबर

काही नाही.

२१ ऑक्टोबर

साखरेच्या जागी मीठच घातलं. लाज वाटली घालताना. अख्खं खाल्लं तिने. "चांगलं हाये," म्हणाली.

ती सगळी ताटं गुरांपुढे ओतली. गुरांनी तोंड फिरवलं.

२५ ऑक्टोबर

राजुऱ्याचा भैयाजी आला होता. खाणीच्या कँटीनचा ठेकेदार. मी राजुऱ्याला यावं, लोखंडी भट्टी देतो, खोली देतो, म्हणाला. दोन बिस्किटं खाल्ली आणि तिसरं खिशात टाकलं. ठरत आलं होतं, तेवढ्यात शेजारचा सोमाजी कुंपणावरून म्हणाला, "जा खुशालभाऊ, तेथी कोळसा फुकट. चोर बी चिक्कार, वयनीले बिस्कीट पुरनार नाई!" सगळे हसले. मीरापण हसली, सगळे हसत होते म्हणून.

विचार करून सांगतो म्हटलं.

२६ ऑक्टोबर

विचार केला. भिंतीला हात लावत लावत ती इथे पाण्याचा माठ गाठते. कोनाडा सापडतो तिला. राजुऱ्यात काय सापडेल? निरोप धाडला — नाही जमत.

३१ ऑक्टोबर

शीला आली चामोर्शीहून. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. घरात पाऊल टाकताच आईने तिला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?" शीलाने सांगितलं, तुझीच. मीरा म्हणाली, "असन बाई," आणि शेंगा सोलायला बसली.

स्वयंपाकघरात शीला रडली. मग माझ्यावर चिडली. "बाबा, आई बिस्किटानं बरी होनार नाई. तुमाले समजते ना?"

समजते. दुपारी भट्टी पेटवली तेव्हा तिनेच लाकडं आणून दिली. आईला चामोर्शीला नेते म्हणाली. मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं नाही तिने. ती निघाली तेव्हा मी बिस्किटांचा डबा भरून दिला, तळाला कागद नीट बसवून.

३ नोव्हेंबर

हाक मारणं बंद केलंय मीराने. 'अजी' नाही, 'शीलाचे बाबा' नाही. काम असलं की समोर येऊन उभी राहते. मी वळेपर्यंत.

संध्याकाळ झाली की एकच — "मले घरी जाचं हाये." माहेर म्हणत असेल. तिथे आता कोणी उरलेलं नाही. सांगितलं नाही.

पदराला गाठ मारून ठेवलीय. बाजाराला जाताना पैसे असे बांधायची तिची जुनी सवय. सोडायला गेलो तर हात झटकला. राहू दे.

६ नोव्हेंबर

तिखूर आलं! बुधरीबाई तापाने पडली होती म्हणे. पुडी माझ्या हातात ठेवली आणि दारातूनच विचारलं, "बाई कशी हाये?" बरी आहे म्हटलं.

उद्या घड्याळवालं, पहिल्यापासून. तिखूर, लोणी, पिठीसाखर. वेलदोडा नाही, त्याचा वास मधे बोलतो. या हंगामातलं हे शेवटचं. पुढच्या हंगामाचं मी लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

बिस्किटं उतरली, आजवरची सगळ्यात चांगली. घड्याळ कुणी बंद केलं असा प्रश्न पडतो तिथवर वाचलं. मीराने बिस्कीट मोडलं. अर्धं बशीत ठेवलं. नेमकं अर्धं!

मी पुस्तक मिटलं. विचारलं, कोण?

"तुमी," म्हणाली. रागाने नाही, समजावून. "मले समजलं भाऊ. तुमीच मले इथी आनून ठेवलं. खाऊ घालता, गोष्टी सांगता, पन सोडत नाई." मग पदराची गाठ सोडली. "हे घ्या न् मले घरी पोचवून द्या. सावलीतच हाये. खुशाल रामटेकेचं घर म्हनून इचारा कोनालेबी. भट्टी हाये तेथी. वाट पाह्यत असतीन ते."

माझं नाव. पहिल्यांदा.

गाठीत नऊ रुपये चाळीस पैसे. ते घ्यायला मी नाही म्हटलं.